डोळ्यातला कावळा

शुक्रवार पेठ, सोलापूर
१७ मार्च २०२४

चि. शिवराज,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र वाजत राहत नाही. सवड होईल तेव्हा फोड.

मी बरी आहे. तुझ्या अण्णांचे कपडे मार्केट यार्डातल्या हमालांना दिले. अण्णांबरोबर कांदा तोलणारे रुद्रप्पा आले होते. "वैनी, कुंडलिकरावांची टोपी तेवढी मला द्या, बाकी काय नको," म्हणाले. दिली. टोपीला कांद्याचा वास होता. धुवून द्यायला हवी होती, असं ते गेल्यावर वाटलं. मग वाटलं, बरं झालं.

दहाव्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तू नदीवरूनच स्टेशनवर निघून गेलास, मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते तुला माहीत असायला हवं.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. सीना नदीच्या पलीकडच्या बाभळीवर कावळे होते बसलेले, आमच्याकडे बघत होते, पण पिंडाकडे कोणी फिरकला नाही. ऊन डोक्यावर आलं. अभिमन्यूभावजी हात जोडून एकेक कबूल करत होते. "दादा, वैनीला आमी बगतो. दादा, घरपट्टी भरतो. दादा, तुमची सायकल इकत न्हाई, मग तर झालं?" सायकलीचं ऐकून मागे कोणीतरी हसलं. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाचा दहावा असता तर. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि आम्ही उठलो. परत येताना सगळ्यांचं एकच बोलणं, कुंडलिकचा जीव पोरात अडकला.

भावजींनी तुझ्यावर हात टाकायला नको होता. मुंडण केलेल्या पोराला चारचौघांत थोबाडीत मारणं हे काही बरं नव्हे. मारल्यावर तू माझ्याकडे बघितलंस, ते मला दिसलं. मी काही बोलले नाही. त्याआधी तू जे बोललास ते माझ्याबद्दलच होतं. भावजी एवढंच म्हणाले होते, "शिवराज, आईला संगं नेतो म्हण की, बग लगीच शिवतोय का न्हाई." आणि तू म्हणालास, "मी कावळ्याशी खोटं बोलणार नाही, काका." ते ऐकून लगेच तुझी बाजू घ्यायला माझं तोंड उघडलं नाही. बाकी काही नाही.

आता जे सांगते त्याला हसू नकोस.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. सकाळी दारात उभी होते. समोरच्या मल्लव्वाच्या पांढऱ्या भिंतीवरून एक काळा ठिपका उडाला. माशी म्हणून हात झटकला. माशी नव्हती. उजवा डोळा मिटला की तो नाही, उघडला की आहे. नजर फिरवली की झपकन उडतो, नजर थांबवली की हळूहळू खाली उतरतो. नीट बघायला गेलं की बाजूला सरकतो. आभाळाकडे बघितलं तेव्हा त्याचे दोन पंख दिसले. पसरलेले.

नदीवर आला नाही तो इथे आला, एवढंच मला वाटलं. तुला काय वाटायचं ते वाटो.

ओजसला पापा. सृष्टीला आशीर्वाद.

तुझी आई


७ एप्रिल २०२४

चि. शिवराज,

मागचं पत्र मिळालं असेल. उत्तराची घाई नाही.

उन्हाबद्दल तर आता बोलायची सोय नाही. छपराचे पत्रे तापतात, दुपारी नळाचं पाणी हात भाजेल असं येतं. मल्लव्वाच्या घरी या उन्हातही कडक भाकरीची भट्टी चालू असते. लग्नसराई आहे, पुण्यामुंबईचे लोक पेट्या भरून नेतात. मी तिला भाकरी वाळत घालायला मदत करते. तेवढाच वेळ जातो.

वाचन थोडं कमी झालं आहे. पानावर कावळा बसतो. नेमका ज्या शब्दावर बोट ठेवावं त्याच्यावर. तू पहिलीत होतास तेव्हा तुझ्या पुस्तकातून मी अक्षरं शिकले, आठवतं? तू मला छडी दाखवायचास. तेव्हासुद्धा मी पुस्तक नाकाला लावायची आणि तू म्हणायचास, "आई, वास घेते का वाचते?" पुढे तुलाही चष्मा लागला तेव्हा मास्तर म्हणाले, हा आईवरून गेला. अण्णांना वाईट वाटलं होतं. मला मनातून बरं वाटलं होतं, काहीतरी माझं तुझ्यात आलं म्हणून.

डोळ्याला काही झालेलं नाही. दुखत नाही, लाल नाही, पाणी येत नाही. मल्लव्वा उगाच मागे लागली आहे. भाकरी उलटताना मी सारखा हात हलवते ते तिनं बघितलं.

"काय वं, माशा हाकताय का आरती करताय?"

मी सांगितलं, ठिपका दिसतो.

"माझ्या थोरल्या दिराला बी दिसत हुतं. दाखवलं. डॉक्टर बोलले वय झालंय, भ्यायचं काय कारण न्हाई. पण दाखवलं तर हुतं की. तुमी बी दाखवा."

"दाखवलं आणि औषधानं तो गेला म्हणजे?"

"कोण गेला म्हणजे?"

मग सांगावंच लागलं. भाकरी तव्यावर करपली. मल्लव्वा म्हणाली, "अय्यय्यो! जिवंत हुते तवा दोन मिंट घरात टेकले न्हाईत, सदा यार्डात. आता डोळ्यात घर करून बसले व्हय?" आणि हसता हसता पदरानं तोंड झाकून रडायला लागली. तिचाही माणूस गेलेलाच आहे. तिच्याकडे कोणी आलं नाही.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. आता एकटा येत नाही तो. परवा न्हाणीतून बाहेर येताना डोळ्यात काळी मोहरी उधळल्यासारखी झाली, सगळीकडे बारीक बारीक दाणे. आणि अंधारात मान वळवली की कडेला वीज चमकते. आवाज नाही, नुसती चमक. फटाका बघताना तू लहानपणी डोळे मिटायचास आणि तरी आत दिसायचं, तशी. मी म्हटलं, हा खूण करतो आहे. मला समजेल अशी खूण करायची सवय त्यांना कधीच नव्हती, निदान आता तरी करतात.

तुझ्यासाठी काय खूण आहे ते मी अजून ओळखलेलं नाही. ओळखलं की कळवीन.

तुझी आई


२६ एप्रिल २०२४

शिवराज,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची दोन फोडली नसलीस तरी चालेल, ती टाकून दे. हे वाच. रजिस्टर करून पाठवते आहे, पोचपावतीसकट.

माझा उजवा डोळा गेला आहे. पूर्ण गेला का थोडा, ते ऑपरेशन झाल्यावर कळेल. परवा ऑपरेशन आहे. त्यासाठी तू यावंस म्हणून मी लिहीत नाही. तुझ्या डोळ्यासाठी लिहिते आहे.

झालं असं. खालून एक सावली वर यायला लागली. कोणी काळी ओढणी धरून हळूहळू वर उचलावी तशी. पहिल्या दिवशी पायाजवळचं दिसेना, मी म्हटलं उंबरा अंधारात असेल. दुसऱ्या दिवशी ताटातली भाजी दिसेना. तरी गप्प बसले. मग मल्लव्वा दारात आली आणि उजव्या डोळ्यानं मला नुसतं तिचं कपाळ दिसलं, तोंड नाही. मी ओरडले. तिनं भट्टी विझवली, रिक्षा बोलावली आणि मला अंगावरच्या लुगड्यानिशी डोळ्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथे आधी डोळ्यात थेंब घातले. बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं. मग एक बाई डॉक्टर आल्या, पडद्याच्या डॉक्टर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या. कपाळाला दिवा बांधून हातात भिंग धरून बघत होत्या. वर बघा, खाली बघा, डावीकडे. उजेड लागतो, दुखत काही नाही.

"मावशी, ठिपके कधीपासून दिसत होते?"

"ह्यांच्या तेराव्यापासून."

"चमक?"

"पाडव्याच्या आधीपासून."

"मग इतके दिवस काय केलंत?"

मल्लव्वाच बोलली. "कावळा पाळला, डॉक्टरबाई."

डॉक्टर हसल्या नाहीत. "कसला कावळा?" म्हणाल्या. मग मीच सांगितलं सगळं. नदी, पिंड, दर्भ, सगळं. बाहेर माणसं ताटकळली होती तरी त्यांनी ऐकून घेतलं. मग स्टुलावर बसून मला समजावलं. मला जसं समजलं तसं लिहिते.

डोळा आतून रिकामा नसतो. त्यात पारदर्शक, जेलीसारखं काहीतरी भरलेलं असतं. वय झालं की ते पातळ होतं, आकसतं, त्याच्यात दोरे आणि गाठी होतात. त्या गाठींची सावली पडद्यावर पडते. तीच आपल्याला ठिपका, माशी, कोळ्याचं जाळं अशी दिसते. त्याला त्या फ्लोटर म्हणाल्या.

"म्हणजे बाहेर काही नव्हतंच?" मी विचारलं.

"बाहेर काही नव्हतं, मावशी."

मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, तितक्याच हळू आवाजात.

शिवराज, डोळा गेला हे मला त्या खुर्चीत कळलं, पण आधी दुसरंच कळलं. अण्णा गेले आहेत. मी रोज सकाळी ज्याला बघून उठत होते ती सावली होती. मल्लव्वा म्हणते मी तेव्हा रडले. मला आठवत नाही.

आता तुझं. डॉक्टरांनी माझ्या चष्म्याचा नंबर बघितला, उणे नऊ. म्हणाल्या, इतका उणे नंबर म्हणजे डोळा लांबट, पडदा ताणून पातळ झालेला. अशांचा पडदा लवकर फाटतो, तरुणपणीसुद्धा. मुलं किती? एक, मी म्हटलं. त्याचाही चष्मा असाच. "त्यांना सांगा, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायला. त्रास नसला तरी. आणि ठिपके दिसत असतील तर आजच."

आणि मला नदी आठवली. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि तू डाव्या डोळ्यापुढे सारखा हात झटकत होतास. भावजींनी विचारलं, "माशा लई हायत व्हय रं?" तू म्हणालास, "माशी नाही, काहीतरी फिरतंय." मला वाटलं, बापासाठी डोळ्यात पाणी आलंय आणि पोरगा लपवतो आहे.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, काही नसेलही. बहुतेकांचं ठिपक्यांवरच थांबतं. मन दुसरीकडे लागलं की ते जाणवेनासेही होतात, औषध लागत नाही. पण नवीन ठिपके दिसले की एकदा दाखवायचं. आणि एकदम खूप ठिपके आले, कडेला वीज चमकली किंवा सावली चढायला लागली तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी जायचं. जेली आकसताना पडद्याला ओढते, पडदा फाटतो. नुसता फाटलेला असेल तर लेझरनं तिथल्या तिथे कडेनं डाग देऊन चिकटवतात, माणूस चालत घरी जातो. एकदा सुटला की मग माझ्यासारखं.

मोहरी उधळली त्या दिवशी मी आले असते तर चालत घरी गेले असते, असं त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच विचारलं. त्यांनी होय म्हणून मान हलवली.

तू माझ्यासारखं करू नकोस. तू कावळे मानत नाहीस, पण तुझंही काही असेल. काम असेल, कंटाळा असेल. दुखत नाही म्हणून राहू नकोस. मलाही दुखलं नव्हतं. तुमच्या हैदराबादेत मोठमोठे डोळ्यांचे दवाखाने आहेत म्हणतात. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी घेऊन जाऊ नकोस, सृष्टीला बरोबर ने.

मी परत विचारणार नाही की मला नेतोस का. कधीच विचारणार नाही. त्याच्या बदल्यात जा.

आई


१९ मे २०२४

शिवराज,

ऑपरेशन झालं. मोठी अक्षरं आहेत म्हणून पत्र लांब वाटेल, आहे थोडंच.

डोळ्यात वायू भरला आहे. त्याचा बुडबुडा पडद्याला दाबून धरतो, म्हणून मला पालथं पडून राहायला सांगितलं होतं. जेवताना मान खाली, बसताना मान खाली. या उन्हात पालथं पडून फरशीच बघत होते. मल्लव्वा ओला पंचा पाठीवर टाकायची आणि म्हणायची, "मुक्ताबाई, जल्मात एवढी मान खाली घातली असती तर सासू खूश झाली असती." ती नसती तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही. भावजी मंद्रूपहून आले होते. कलिंगड घेऊन आले, कोपऱ्यात बसले. निघताना म्हणाले, "वैनी, शिवराजला माझ्याकडनं माफ कर म्हणावं." कळवलं तुला.

पडदा बसला आहे. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन चांगलं झालं, पण मधला भाग सुटून काही दिवस झाले होते, त्यामुळे नजर पहिल्यासारखी यायची नाही. उजव्या डोळ्याला माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही. अक्षरं वाकडी होऊन वितळतात. डावा डोळा तपासला, तो सध्या ठीक आहे. त्याच्यावरच हे लिहिते आणि दिवसातून थोडं वाचते. पूर्वी पुस्तक संपू नये म्हणून हळू वाचायची, आता तसंच हळू वाचावं लागतं.

पोचपावती आली. डावा डोळा जवळ नेऊन बघितली. सही सृष्टीची आहे.

म्हणजे पत्र घरात आलं आहे. तू वाचलंस का ते मला माहीत नाही. तू डॉक्टरकडे गेलास का? पूर्ण पत्र लिहायचं नसेल तर नुसतं "गेलो" लिहून कार्ड टाक. तेही नको असेल तर भावजींना फोन करून सांग, ते मला सांगतील. माझ्याशी बोलायची गरज पडणार नाही असं मी सगळं बघितलं आहे.

मला रात्री झोप लागत नाही ती डोळ्यामुळे नाही. तू नदीवर हात झटकतोस, तेच दिसत राहतं. मिटलेल्या डोळ्यालाही दिसतं ते.

आई


११ जून २०२४

चि. सौ. सृष्टी,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, तू सांगितलंस तसं. वाचून झालं की ठेवू नकोस.

तुझा फोन आला तेव्हा मी घाबरले. तुमच्याकडून इतक्या दिवसांत पहिला फोन. मला वाटलं संपलं सगळं. मग तू म्हणालीस, "आई, लेझर झालं. डोळा वाचला." मी खाली बसले. त्यामुळे त्यानंतरचं थोडं ऐकायचं राहिलं असेल. जे ऐकलं ते मी बरोबर ऐकलं ना, ते बघ.

डाव्या डोळ्यात पडदा दोन ठिकाणी फाटला होता. सुटायला लागला नव्हता. लेझर करून तो चालत घरी आला. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

आणि तो माझ्या सांगण्यावरून गेला नाही. माझी पत्रं त्याने फोडलीच नाहीत. पहिलं आलं तेव्हा नाव बघून म्हणाला, टाकून दे, आणि तू ते कपाटात साड्यांखाली ठेवलंस. दुसरंही. रजिस्टरचं आलं तेव्हा तू घाबरून फोडलंस. मग तू ऑफिसातल्या कोणाच्या तरी भावाची गोष्ट रचलीस, तो आंधळा झाला असं सांगितलंस आणि त्याला घेऊन गेलीस. जाताना रस्ताभर भांडला, म्हणालीस. लहानपणी दंडाला सुई टोचायची असली तरी तो रस्ताभर भांडायचा.

त्याला ठिपके दिसत होते का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, जानेवारीपासून. चमकही. कोणाला बोलला नव्हता.

तू फोनवर रडत विचारलंस, "आई, आता त्यांना खरं सांगू का? तुमच्यामुळे वाचले म्हणून सांगू का?" त्याचं उत्तर आता देते. सांगू नकोस. मी पालथी पडून फरशी बघत होते तेव्हा मनात रोज हेच चालायचं, की त्याला एक दिवस कळेल, तो येईल, दारात उभा राहील आणि मला उजव्या डोळ्यानं तो कोण ते कळणार नाही, मग तो बोलेल. पुष्कळ वेळा बघितलं मी ते. पण तो माझा मुलगा आहे, मला माहीत आहे तो कसा आहे ते. आईचं ऐकून गेलो असं त्याला कळलं तर पुढच्या तपासणीला तो जाणार नाही. मुद्दाम जाणार नाही. आणि आमच्या डॉक्टर म्हणतात, एकदा फाटलेला पडदा परत कुठे फाटतो का ते बघत राहावं लागतं, दुसऱ्या डोळ्यालाही जपावं लागतं. तर ती ऑफिसातल्या भावाची गोष्ट तशीच राहू दे. त्या भावाला आंधळाच ठेव.

ओजसचेही डोळे तपासून घे. पुस्तक नाकाला लावत असेल तर वाट बघू नकोस.

तू म्हणालीस, "तुम्हीच इकडे या ना, मी बघते त्यांचं." तुझ्या मनात आलं हेच खूप आहे. मी येणार नाही. मल्लव्वा आहे. भाकरी वाळत घालायला एक डोळा पुरतो.

शिवराजच्या नावानं आता पत्र येणार नाही. जे सांगायचं होतं ते झालं, त्याला न कळता झालं. कपाटातली ती पत्रं जाळून टाक. साड्यांना वास लागेल म्हणून नव्हे, त्याच्या हाती कधी पडू नयेत म्हणून.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. आपण बोलत असताना मागून त्याने विचारलं, "कुणाचा फोन?" आणि तू म्हणालीस, "कुणाचा नाही." बरं केलंस, मी रागावले नाही. पण मग घाईत फोन बंद करायचा तुझा राहिला. तू तो कुठेतरी ठेवलास, ओट्यावर बहुतेक, भांड्यांचा आवाज येत होता. आणि मला तो ऐकू आला. ओजसला बूट जागेवर ठेव म्हणून ओरडला. मग तुला विचारलं, "थेंब घालायचे राहिले का गं दुपारचे?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज. कांदा नको म्हणाला जेवताना. त्याला कांदा आवडत नाही, अण्णा त्यावरून त्याला किती चिडवायचे. मग फोन आपोआप बंद झाला.

त्याचा आवाज थोडा जाड झालाय.

तुला जड जाणार नसेल तर परत कधीतरी तसं कर. माझ्याशी बोलायला नको. तो घरी असेल तेव्हा फोन लाव आणि ओट्यावर ठेवून दे. इकडून मी काही बोलणार नाही.

तुझी सासू
मुक्ता